फुलामागचं धूसर

“बाय, कितें सांडलां गो तुजें?”

ऑगस्टमधली सकाळ. मी सड्यावर पालथी पडले होते. कोपरांखाली तांदळाची रिकामी गोणी, डोक्यावर रेनकोटची टोपी, एक डोळा कॅमेऱ्याला लावलेला आणि दुसरा गच्च मिटलेला. नाकासमोर वीतभर अंतरावर एक जांभळं फूल वाऱ्यानं डुलत होतं आणि ते थांबेल म्हणून मी श्वास धरून होते. त्यामुळं काकी कधी जवळ आली ते कळलंच नाही. मान वर केली तर डोक्यावरून पाठीवर सोडलेलं निळं प्लॅस्टिक, हातात कोयता आणि चेहऱ्यावर खरीखुरी काळजी. चांगली शिकलीसवरलेली बाई चिखलात लोळून शोधतेय म्हणजे सोन्याचंच काहीतरी पडलं असणार, हा तिचा हिशेब. मी काही बोलायच्या आत ती वाकून माझ्याबरोबर शोधायलाही लागली होती.

“कांय ना गो काकी, फूल पळयतां.”

तिनं फूल बघितलं, मग मला बघितलं, मग परत फूल. “हें?” एवढंच म्हणाली. तिच्या भेंड्यांच्या वाफ्यात ते उगवलं असतं तर तिनं ते बोलता बोलता उपटून बांधावर फेकलं असतं. जाताना मात्र तिनं मला एक चिबूड दिलं. चिखलात लोळणाऱ्या बाईची तिला दया आली असावी.

ही २०११ सालची गोष्ट. बँकेतल्या नोकरीच्या आठव्या की नवव्या वर्षी मी पहिला बरा कॅमेरा घेतला होता आणि दर शनिवार-रविवारी पणजीहून माहेरी, डिचोलीकडं पळत होते. आईला वाटायचं लेक आपल्यासाठी येते. मी चहा पिऊन जी सड्यावर जायची ती जेवायच्या वेळेला उगवायची.

मराठीत सडा हा शब्द मोठा गमतीचा आहे. अंगणात शेणाचा घालतात तो सडा, पारिजातकाखाली पहाटे पडतो तो सडा आणि ज्याच्या मागं ना बायको ना पोरंबाळं तोही सडाच. आमच्या गोव्या-कोकणात त्याचा आणखी एक अर्थ. डोंगराचा माथा कुणी करवतीनं कापून काढावा तसा सपाट, जांभ्या दगडाचा उघडा पसारा. मला आपलं वाटतं, आधीचे अर्थ ह्या शेवटच्याच्या अंगणात येऊन बसले आहेत. वर्षाचे आठ महिने हा गडी निव्वळ सडाफटिंग, आणि उरलेल्या चारांत त्याच्या अंगणात फुलांचा सडा.

ते आठ महिने ज्यांनी बघितले नाहीत त्यांना माझं म्हणणं पटायचं नाही. गोवा म्हटलं की माडांची रांग, भाताची मळी आणि समुद्र. मे महिन्यात दुपारी बारा वाजता सड्यावर उभं राहावं. काळवंडलेला, भोकाभोकांचा, तापून निघालेला कातळ. गवत कधीच वाळून, कुठं वणवा लागून संपलेलं. सावली म्हणून एखादं खुरटं झुडूप, तेही सावली स्वतःपुरतीच ठेवणारं. बाबा म्हणायचे, मे महिन्यात सड्यावर कुत्रंसुद्धा चपला घालून जातं. जिवंत काय, तर टिटवी. ती त्या उघड्या दगडावर दगडासारखीच दिसणारी अंडी घालते आणि आपण जवळ गेलो की डोक्यावर घिरट्या घालून भांडते. वाळवंट म्हणायला आणखी काय लागतं? वाळू तेवढी नाही.

गंमत ही की पाण्याचा दुष्काळ म्हणावा तर तोही नाही. गोव्यात वर्षाला सरासरी ३००० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. एवढं पाणी पिऊन सडा कोरडा कसा? तर तो पितच नाही. मूठभरही भरणार नाही इतकी माती, तीही कातळाच्या खळग्यांतून आणि भेगांतून साचलेली. पाऊस पडतो तेव्हा सगळं तुडुंब, पाऊस थांबला की आठवड्याभरात ठणठणीत. शिवाय हा जांभा मुळातच धुऊन निघालेला दगड. उष्ण, ओल्या हवेत लाखो वर्षं पावसानं मूळ खडकातलं विरघळण्यासारखं सगळं वाहून नेलं आणि मागं लोह आणि अॅल्युमिनियमची ऑक्साइडं ठेवली. म्हणून तो लाल, आणि म्हणून तो दरिद्री. फ्रान्सिस बुकॅनन नावाच्या इंग्रज कंपनीच्या डॉक्टरानं मलबारात लोक हा दगड खणीतून कापून घरं बांधताना बघितले आणि १८०७ साली त्याला लॅटिनमधल्या विटेवरून ‘लॅटराइट’ असं नाव दिलं. खणीत असताना तो मऊ, हत्यारानं कापता येईल असा. बाहेर हवा लागली की घट्ट. आपण त्याला चिरा म्हणतो आणि बुकॅननच्या कितीतरी आधीपासून त्याच्या भिंती उभ्या करतो. आमचं माहेरचं घरही चिऱ्यांचंच. हे पुढं कामाला येणार आहे म्हणून सांगून ठेवते.

तर अशा जागी जूनचा पहिला आठवडा येतो. दोन सरींत कातळावर हिरवट बुळबुळीत थर धरतो, आणि घसरून पडण्याचा मोसम सुरू होतो (माझे तीन, त्यातला एक प्लास्टरसकट). मग दगडाच्या भेगेतून, जिथं काल काही नव्हतं तिथून, पांढऱ्या फुलांचे दांडे वर येतात. ही दिपकाडी. कोकण आणि गोव्याच्या सड्यांशिवाय जगात दुसरीकडं कुठं नाही. आठ महिने कांदा पोटात घेऊन ती खाली निजलेली असते. बाकीच्या बऱ्याच जणांची तऱ्हा वेगळी. ती पावसात बीपासून उगवतात, दोन-अडीच महिन्यांत फुलतात, बी सांडतात आणि मरतात. म्हणजे घर बांधून उन्हाळा काढायचा की पेटी भरून ठेवून निघून जायचं, एवढेच दोन मार्ग.

जुलै-ऑगस्टात जिथं जिथं पाणी साचून राहतं तिथं गेंद येतात, पांढऱ्या टाचण्या टोचून ठेवाव्यात तसे. लांबून बघितलं तर सड्यावर कुणी तांदूळ सांडले आहेत असं वाटतं. त्यांच्यातून डोकावणारी जांभळी-निळी सीतेची आसवं. कोवळं, पाणी भरलेलं नाव. आणि ज्या झाडाला ते दिलं आहे ते झाड मांसाहारी! तिला खरी मुळं नसतातच. ओल्या मातीत तिच्या दोऱ्यांना डोळ्यांना जेमतेम दिसतील एवढ्या पिशव्या लटकलेल्या असतात. पिशवीच्या दारावरच्या केसाला एखादा सूक्ष्म जीव लागला की दार आत उघडतं, पाणी आणि शिकार दोन्ही शोषली जातात आणि दार बंद. सेकंदाचा हजारावा भागही लागत नाही. माझ्या कॅमेऱ्याचा पडदा सर्वांत जोरात १/४००० सेकंदात उघडमीट करतो, आणि त्यासाठी मी पगारातले कितीतरी हप्ते भरले.

दवबिंदू नावाच्या रोपाची गोष्ट तशीच. मातीत नत्र नाही, मग ते हवेत उडणाऱ्यांकडून घ्यायचं. तिचं एक पान मी एकदा सकाळी पावणेआठ ते सव्वानऊ बघत पडले होते. बोटभर उंचीचं रोप, पान सुतळीच्या तोड्यासारखं, त्यावर उभे तांबूस केस आणि प्रत्येक केसाच्या टोकाला एक चिकट थेंब. प्रत्येक थेंबात उलटा झालेला सडा आणि ढगांचं आभाळ. एक चिलट येऊन त्यावर बसलं, म्हणजे बसलं असं त्याला वाटलं. एक पाय निघेना म्हणून दुसरा टेकवला, तो अडकला म्हणून पंख आपटले. शेजारचे केस सावकाश, अगदी सावकाश त्याच्याकडं कलायला लागले. त्यांना घाई नव्हती. मला बँकेतली एक जुनी कर्जवसुली आठवली, पण ते असो.

असले फोटो काढायला पालथं पडण्यावाचून इलाज नसतो. उभ्यानं वरून काढलेला फुलाचा फोटो हा फुलाचा नसतो, आपल्या उंचीचा असतो. त्याच्या बरोबरीला आलं की पाकळीवरची शीर दिसते, आभाळीच्या निळ्या फुलातले केसरांचे रोम बारीक मणी ओवल्यासारखे दिसतात, कवल्याच्या पिवळ्या फुलावरचे दोन लाल ठिपके (पोरं त्याला मिकी माऊस म्हणतात ते ह्याच्यामुळं) खरंच मिश्कील वाटायला लागतात. आणि मॅक्रो लेन्सनं एवढ्या जवळून बघितलं की नीट दिसतो तो एखाद-दोन मिलिमीटरचाच पट्टा. त्याच्या पुढचं, मागचं सगळं विरघळून जातं. हिरवं, राखाडी, कुठं तांबूस, असा नुसता रंगाचा धूर उरतो आणि त्यातून फूल असं उजळून वर येतं की बघणाऱ्यानं ‘वा’च म्हणावं. लोक म्हणायचेही. मला त्या धुराचा फार अभिमान होता. मागं काहीएक दिसता कामा नये, हा माझा नेम. एखादी काडी दिसली तरी मी फोटो टाकून द्यायची.

ह्या नेमाचा मी भाच्यालाही उपदेश केला. तो कॅलिफोर्नियात असतो. २०१७ च्या मार्चमध्ये त्याचे एकामागून एक फोटो यायला लागले. “मावशी, वाळवंट फुललंय!” अॅन्झा-बोरेगो नावाचं तिथलं वाळवंट, वर्षाला जेमतेम १५० मिलिमीटर पावसाचं, म्हणजे आमच्याकडं आषाढात एखाद्या दिवशी सकाळ-संध्याकाळ मिळून पडून जातो तेवढा. त्या हिवाळ्यात तिथं बरा पाऊस झाला आणि वर्षानुवर्षं वाळूत पडून राहिलेलं बी एकदम उठलं. जांभळ्या सतरंज्या, त्यात पांढरी, पिवळी फुलं, पार डोंगराच्या पायथ्यापर्यंत. बोरेगो स्प्रिंग्ज हे तिथलं एवढंसं गाव. माणसं इतकी लोटली की खानावळीतलं अन्न संपलं. भाचा आणि त्याची बायको बिस्किटं खाऊन परतले.

तो सांगत होता ते मला फार आवडलं होतं. वाळवंटातल्या बीच्या सालीत उगवण रोखून धरणारी द्रव्यं असतात. शिंतोड्यांना ती दाद देत नाहीत. चांगला भिजवणारा पाऊस झाला, द्रव्यं धुऊन गेली, तरच कोंब बाहेर. आणि तेव्हाही सगळं बी एकदम उगवत नाही, काही पुढच्या पावसासाठी मागं राहतं. सगळी पुंजी एका वर्षात लावायची नाही हे त्या बीला कळतं. आमच्या शाखेतल्या कितीतरी खातेदारांना ते कळत नव्हतं. आमच्या सड्याला तेवढी सावधगिरी लागत नाही. इथं पाऊस चुकत नाही. उशिरा येईल, पण येतो. त्यामुळं आमचं वाळवंट दर वर्षी फुलतं, आणि दर वर्षी फुलतं म्हणून कुणी बघायला येत नाही.

पण फोटो? फोटो मला आवडले नव्हते. रुंद लेन्सनं काढलेले, अर्ध्यात आभाळ, मागं डोंगर, रस्ता, रस्त्यावर गाड्यांची रांग, मधे सून हात पसरून उभी. एका फोटोत तर फुलांवर चढलेला बोटाएवढा सुरवंट, आणि त्याच्या मागं कुणाचातरी बूट. मी त्याला लिहिलं, अरे, हे काय लग्नाचे फोटो काढल्यासारखे काढलेस? खाली झोप, जवळ जा, मागचं सगळं घालव. त्यानं अंगठा पाठवला. झोपला मात्र नाही. तिथं आधीच फार लोक फुलांत झोपून फोटो काढतात आणि तेवढ्या जागेतलं सगळं मरतं, म्हणाला. मला थोडं लागलं ते. त्यानंतर मी पालथी पडण्याआधी आपण कुणावर पडतो आहोत ते बघायला लागले. दगड असेल तिथंच गोणी टाकायची.

मधे दोन वर्षं कॅमेरा बंदच होता. गोव्याच्या पावसात फोटो काढणाऱ्याला एक दिवस बुरशी गाठतेच. लेन्स उजेडाकडं धरली तर आतल्या काचेवर पांढऱ्या बारीक धाग्यांचं फूल उमललेलं. मन घट्ट करून सांगते, सुंदर होतं. दुरुस्तीवाला म्हणाला, बाई, काच खाल्लीय हिनं. आता नवी लेन्स दिवा लावलेल्या डब्यात राहते आणि मी नुसत्या पंख्यात.

त्याच्या थोडं आधी, एकदा चतुर्थीच्या आदल्या दिवशी बाबांबरोबर सड्यावर गेले होते. माटोळीसाठी. गणपतीच्या डोक्यावर लाकडी चौकट टांगून तिला रानातली फळं-फुलं बांधायची, ही आमच्याकडची रीत. नारळ, सुपारीचे घोस, तोरिंजनं बाजारात मिळतात. पण कांगलां, घागऱ्यो, कवंडाळ, पिवळी हरणां ही आणावी लागतात, आणि कुठली कुठं मिळतात हे घराघराचं गुपित असतं. बाबा सत्तरी ओलांडलेले. काठीनं दाखवत जायचे. इथं हे, त्या खडपापलीकडं ते, तिकडं पाणी साचतं तिथं जाऊ नको, पाय अडकतो. मी दर दहा पावलांवर थांबत होते. तेरडा फुलला होता, गुलाबी, सड्याच्या ह्या कडेपासून त्या कडेपर्यंत. तेरड्याचा रंग तीन दिवस ही म्हण ज्यानं काढली त्यानं सड्यावरचा तेरडा बघितलेला नसावा, चांगला तीन आठवडे टिकतो. मी एका फुलाचे चाळीस फोटो काढले. बाबा काठी टेकून उभे होते. “झालं?” “एकच मिनिट बाबा.” “तुझं मिनिट लांबच असतं,” म्हणाले आणि दगडावर बसले.

आता ते सगळं ज्यासाठी लिहायला बसले ते.

सड्याला कुंपण पडलं. २०२१ च्या दिवाळीनंतर कधीतरी. आधी सिमेंटचे खांब, मग तारा, मग पत्रे. जमीन कुणाची, कुणी कुणाला विकली, कशासाठी, ह्यात मी शिरत नाही. कागदोपत्री ती पडीकच होती, आणि पडीक जमिनीवर काहीतरी झालं की गावातल्या अर्ध्या लोकांना आनंदच होतो. मला त्यांच्यावर चिडायचा अधिकार नाही. मी ज्या विद्यापीठात शिकले ते ताळगावच्या पठारावर. आमची विधानसभा पर्वरीच्या पठारावर. भाऊ नोकरीला जातो ती औद्योगिक वसाहत वेर्ण्याच्या पठारावर. भाचा २०२३ साली आला तेव्हा मी त्याला आणायला मोपाला गेले. २०२२ च्या डिसेंबरात उद्घाटन झालेला तो विमानतळही सड्यावरच. सपाट, रिकामं, झाड तोडायचं पाप नाही, आणखी काय पाहिजे? आणि माहेरचं घर कशाचं, ते मघाशी सांगितलंच. चिऱ्यांच्या भिंतीला टेकून चिरेखणींबद्दल तावातावानं बोलणं जमत नाही मला. प्रयत्न केला होता एकदा. आईनं नुसतं भिंतीकडं बघितलं.

गावातल्या काही मुलांनी ठरवलं की सड्यावर काय काय होतं ह्याचं एक छोटं प्रदर्शन शाळेत भरवायचं. चांगली मुलं. त्यातली एक माझ्याकडं आली. “मावशे, तुमच्याकडं दहा वर्षांचे फोटो आहेत ना? सडा दिसेल असे पाच-सहा द्या. मोठे करून लावू.”

मी म्हटलं, पाच-सहा कशाला, हजार आहेत.

रात्री लॅपटॉप उघडून बसले. २०११ पासूनचे फोल्डर. सीतेची आसवं, सीतेची आसवं, गेंद, दवबिंदू, चिलटासकट दवबिंदू, दिपकाडी पाण्याच्या थेंबासकट, दिपकाडी थेंबाशिवाय. आभाळी. कवला. तेरड्याचे चाळीस. एकाहून एक. साडेअकरा वाजले, मग साडेबारा. सडा कुठं आहे?

सडा नव्हता. म्हणजे एकाही फोटोत नव्हता. दहा वर्षं मी त्याच्यावर पोट टेकून पडले होते आणि दर वेळी त्याला नेमानं, कौशल्यानं, महागडी लेन्स लावून पुसून काढत होते. ती फुलं कुठलीही असू शकत होती. कासची असू शकत होती, चोर्ल्याची असू शकत होती, एखाद्या कुंडीतली असू शकत होती. मागं नुसता रंगाचा धूर. बाबा काठी टेकून जिथं बसले होते ती जागा? नाही. त्या दिवशी बाबांचाही फोटो मी काढला नव्हता. ते २०१९ साली गेले.

भाच्याचे ते लग्नासारखे फोटो मात्र मी त्या रात्री परत उघडून बघितले. रस्ता होता, डोंगर होता, गाड्या होत्या, अन्न संपलेल्या गावाकडं जाणारी पाटी होती. कुणीही सांगितलं असतं की हे कुठं आहे.

आपल्याकडं सड्यावर पालथं पडून काहीतरी निरखणारी माणसं फार जुनी आहेत. सांगे तालुक्यात उसगाळीमळला कुशावतीच्या काठी जांभ्यावर कुणीतरी हजारो वर्षांपूर्वी बैल, हरणं, मोर कोरून ठेवले आहेत. २०२२ साली कोकणातल्या कातळशिल्पांबरोबर त्यांचंही नाव युनेस्कोच्या संभाव्य यादीत गेलं. त्यांच्याकडं कॅमेरा नव्हता, धूसर करायची सोय नव्हती. त्यांनी चित्र सड्यावरच काढलं. चित्र बघायचं तर सड्यावर जावंच लागतं. मी हे त्या मुलीला सांगितलं तर ती हसली आणि म्हणाली, “मावशे, फोटो देताय ना?”

मग मी मोडकंतोडकं काम सुरू केलं. फोटो एकेक करून मोठा करायचा आणि फूल सोडून मागचा धूर बघत बसायचं. बायकांना रांगोळीचे ठिपके मोजायची सवय असते तसं. हळूहळू काही काही हाती लागलं. २०१३ च्या एका दिपकाडीमागं आडवी करडी रेघ आहे, ती पलीकडच्या वाडीकडं जाणारी पायवाट. गेंदांच्या एका फोटोत वरच्या कोपऱ्यात उजळ गोळा आहे, ती तळी, जिच्यात आम्ही बेडकाची पिल्लं धरायचो. तेरड्याच्या चाळीसपैकी एकविसाव्यात डाव्या बाजूला एक उभा पांढरा डाग आहे आणि त्याच्यातून खाली जाणारी बारीक काळी रेघ. पांढरा सदरा आणि काठी. मी तो डाग मोठा करत करत नेला, शेवटी नुसते चौकोन उरले, तेव्हा लॅपटॉप मिटला.

आणि २०११ चं ते पहिलं जांभळं फूल, ज्याच्यासाठी श्वास धरून होते. त्याच्यामागं हिरव्याचा एक जाड पट्टा आहे आणि पट्ट्याच्या टोकाला निळा ठिपका. इतकी वर्षं मी तो ठिपका म्हणजे लेन्समधला दोष समजत होते.

काकी आता सड्यावर जात नाही. जायला सडाही नाही, आणि गुडघेही. गेल्या महिन्यात तिच्या ओसरीवर जाऊन मी फोनवर तिला तो फोटो दाखवला. प्रदर्शन होऊन गेलं होतं. मुलांनी बाकी सगळ्यांच्या घरातून लग्नाचे, सहलींचे, क्रिकेटच्या मॅचचे फोटो गोळा करून सडा उभा केला होता आणि माझी फुलं कडेला लावली होती. काकीनं फोन हातात घेतला, डोळ्यांपासून लांब धरला. फुलाकडं तिनं बघितलंही नाही. तिचं बोट सरळ मागच्या हिरव्या पट्ट्यावर गेलं.

“हे म्हजे भेंडे,” ती म्हणाली. मग निळ्या ठिपक्यावर. “ही हांव.”

मी काही सांगितलं नव्हतं तिला.

सड्यावर दगडांच्या मधे डोक्यावरून आणून टाकलेल्या मातीत ती दर पावसाळ्यात सात शिरांचे भेंडे लावायची, बी सासूकडून आलेलं. ती त्या धुरातून पट्टा पट्टा ओळखत गेली. इथं बांध, इथं तवशीं, इथून पाणी जायचं. बोट फोटोच्या कडेला जाऊन थांबलं. कडेबाहेर तिनं दोनदा टकटक केलं, म्हणजे पडदा पुढं सरकेल.

“आनी चिबडां खंय?”

चिबडां फोटोबाहेर राहिली होती. तसं सांगितलं.

तिनं फोन माझ्या हातात परत दिला. “मातसो हेवटेन धरपाक जाय आशिल्लो न्हय गो,” म्हणाली (जरा ह्या बाजूला धरायला हवा होता ना गं), आणि चहा ठेवायला आत गेली.